पडद्यावरील भुताची बोली

भुताखेतांच्या हलक्या चित्रपटांची चर्चा साहित्यविषयक मासिकांत आलेली पाहून आमचे कांहीं वाचक नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. ज्या चित्रपटांचें नांव घरांतील वडील माणसांपुढें कोणी काढीत नाहीं, जे पूर्वीं जत्रेंतल्या तंबूंत लागत आणि आतां तरुण मंडळी रात्रीं पांघरुणाआड मोबाइलवर पाहतात, त्यांच्यावर विचाराचा व शाईचा खर्च कशाला, असें ते विचारतील. आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे. समाज जें विचार करून बोलतो त्यावरून त्याच्या मनाची जेवढी ओळख पटते, त्याहून अधिक ओळख तो जें विचार न करतां बोलून जातो त्यावरून पटते. मोठा कादंबरीकार लेखणी हातीं धरतांना सावध असतो. थोडक्या भांडवलावर, थोडक्या दिवसांत, एखाद्या भाड्याच्या बंगल्यांत चित्रपट उरकून टाकणाऱ्या निर्मात्याला सावध राहण्यास सवड नसते. लोकांना कोणाचें भय वाटतें याविषयींचा आपला अंदाज तो जसाच्या तसा पडद्यावर मांडतो. म्हणून अशा चित्रपटांकडे दुर्लक्ष करणें म्हणजे आपल्या मनाचा एक महत्त्वाचा साक्षीदार न तपासतांच सोडून देणें होय.

आम्ही हिंगोली जिल्ह्यांत इंग्रजी वाङ्मयाचें अध्यापन करतों. कांहीं दिवसांपूर्वीं ‘मॅकबेथ’ शिकवितांना त्यांतील तीन चेटकिणींपाशीं आलों, आणि वर्गांत थोडा जिवंतपणा यावा म्हणून विद्यार्थ्यांना विचारलें कीं, तुम्ही पाहिलेल्या चित्रपटांतील भुतें कशीं असतात तें सांगा. एरवीं मौन धरून बसणारा वर्ग एकदम बोलका झाला. कोणी ‘पुराना मंदिर’चें नांव घेतलें, कोणी ‘फूंक’चें, कोणी ‘लपाछपी’चें. शेवटीं मागल्या बाकावरची, कळमनुरीकडच्या एका खेड्यांतून येणारी मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, त्या सिनेमांत ज्यांना भूत लागतं ते तुमच्यासारखं बोलतात, आणि भूत आमच्यासारखं बोलतं.” वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. घरीं परततांना मात्र तें हंसूं ओठांवर टिकलें नाहीं. इतकीं वर्षें आम्ही ज्यांना वाङ्मय शिकवीत आलों, त्यांपैकीं एकीनें एका वाक्यांत जी टीका केली ती आम्हांस कोणत्याही टीकाकाराच्या ग्रंथांत सांपडली नव्हती. प्रस्तुत लेख हें त्या वाक्यावरील भाष्य आहे.

झपाटण्याच्या कथेंत तीन जागा असतात. एक ज्याला बाधा होते त्याची, दुसरी जें बाधतें त्याची, आणि तिसरी जो बाधा उतरवितो त्याची. या जागा कोणाला दिल्या जातात एवढें पाहिलें तरी अशा चित्रपटांचें समाजशास्त्र उघडें पडतें. बाधा होते ती बहुधा बंगल्यांत राहणाऱ्या, शुद्ध भाषा बोलणाऱ्या, उजळ वर्णाच्या कुटुंबांतील लेकीला किंवा सुनेला. बाधणारें पिशाच्च असतें तें मोलकरणीचें, कुळाचें, नाचणारणीचें, देहदंड झालेल्या मांत्रिकाचें, किंवा नुसत्याच ‘रानटी’ म्हणून दाखविलेल्या माणसाचें. उतरविणारा असतो पुरोहित, पाद्री वा योगी. सहानुभूति पहिल्याला, भय दुसऱ्याचें आणि श्रद्धा तिसऱ्यावर, अशी प्रेक्षकाच्या मनाची वाटणी पहिला पडदा उघडण्यापूर्वींच झालेली असते. याला अपवाद आहेत. त्यांचा विचार पुढें करूं.

उदाहरणें घेऊं. रॅम्से बंधूंनीं अल्प खर्चांत भयपट काढण्याची जी रीत १९७२ सालीं ‘दो गज जमीन के नीचे’ या चित्रपटानें रूढ केली, तिचें अतिशय गाजलेलें फळ म्हणजे १९८४ चा ‘पुराना मंदिर’. त्यांत सामरी नांवाच्या राक्षसी मांत्रिकाला राजा देहदंड देतो, आणि सामरी मरतांना शाप देतो कीं, राजाच्या वंशांतील स्त्रिया बाळंतपणांत मरतील. सामरीचें वकीलपत्र आम्हांस घ्यावयाचें नाहीं. तो कथेंत घातकीच आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, शिक्षा देणाराला वंश आहे, वाडा आहे, लग्नाची मुलगी आहे. आणि शिक्षा भोगणाराला मात्र कुळ, गांव, आई, बाप यांपैकीं कांहींच नाहीं, हें कसें? रामगोपाल वर्मा यांच्या २००८ सालच्या ‘फूंक’मध्यें एका नास्तिक इंजिनिअरच्या लहान मुलीवर करणी होते. ती करणारी असते त्याच्याच हाताखालची, लबाडी उघडकीस येऊन अपमानित झालेली एक बाई व तिचा नवरा. डॉक्टर हात टेंकतात आणि मांत्रिक मुलीला वांचवितो. धन्यानें ज्याला हांकलून दिलें त्याच्या हातीं चेटूक असतें, ही शिकवण घेऊन प्रेक्षक घरीं जातो.

शहरांत ही शिकवण चहाच्या पेल्याबरोबर विरून जात असेल. आमच्याकडे ती विरत नाहीं. अंगावर फुल्या उमटणें, दोरीवरचे कपडे पेटणें, बायकांनीं जनावरांसारखें ओरडणें, या साऱ्या प्रकारांना मराठवाड्यांत भानामती म्हणतात. आणि भानामती म्हटली कीं ती ‘करणारी’ कोणीतरी शोधावीच लागते. ती पाटलाच्या वाड्यांत सहसा सांपडत नाहीं. ती सांपडते गांवकुसाकडच्या झोपडींत, एकट्या राहणाऱ्या विधवेच्या दारांत. चित्रपटानें भयाचें बोट जिकडे दाखविलें तिकडेच गांवाचें बोट आधींपासून वळलेलें होतें. चित्रपटानें हा भ्रम निर्माण केला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याला संगीताची साथ दिली, एवढें तरी म्हणणें प्राप्त आहे.

उतरविणाराची जागाही अशीच ठरलेली. ‘फूंक’च्याच वर्षीं आलेल्या विक्रम भट यांच्या ‘१९२०’मध्यें ख्रिस्ती पाद्र्याचा उपाय फसतो व हनुमानाच्या स्तोत्रानें कार्यभाग होतो, जणू दोन धर्मांची कुस्तीच लावून दिली आहे. प्रत्यक्षांत काय दिसतें? आमच्याहून फार दूर नसलेल्या बुलढाणा जिल्ह्यांत सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथें यात्रा भरते आणि हिंदु व मुसलमान आपापलीं ‘लागलेलीं’ माणसें घेऊन एकाच आवारांत बसतात. तेथील साऱ्या प्रकारांचें आम्ही समर्थन करीत नाहीं. रोग्यांना तेथें ज्या यातना भोगाव्या लागतात त्या सुशिक्षित महाराष्ट्रास भूषणावह नाहींत. परंतु दुःखानें ज्या भिंती पाडल्या आहेत त्या चित्रपटानें पुन्हां उभ्या कराव्या, यांत कोणती कला आहे? सुधीर कक्कर यांनीं राजस्थानांतील मेहंदीपूर येथील बालाजीच्या देवळांत आलेल्या रोग्यांचा अभ्यास केला, तेव्हां हिंदु रोग्यांना झपाटणारीं पुष्कळशीं भुतें मुसलमान असल्याचें त्यांना आढळलें. जी वासना आपली म्हणून कबूल करवत नाहीं ती परक्याच्या नांवावर टाकावी, हा मनाचा जुना व्यवहार आहे. रोगी तो नकळत करतो, म्हणून तो दयेस पात्र आहे. निर्माता तोच व्यवहार तिकीट लावून करतो.

हा सांचा एकट्या आपल्या देशांत घडलेला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. झपाटण्याच्या आधुनिक चित्रपटांचा मूळपुरुष म्हणजे १९७३ चा ‘एक्झॉर्सिस्ट’. त्याच्या कथेचा आरंभ इराकमधील उत्खननापासून होतो आणि बाधा होते ती वॉशिंग्टन शहरांतील एका नटीच्या मुलीला. सैतान पूर्वेकडून आला आणि पश्चिमेच्या निष्पाप घरांत शिरला, असा त्याचा प्रवास. आपल्याकडे ‘जादू टोना’ १९७७ सालीं याच वाटेनें गेला. अमेरिकेंत १९७४ सालीं विल्यम गर्डलर या दिग्दर्शकानें ‘ॲबी’ नांवाचा एक स्वस्त चित्रपट काढला. त्यांत पाद्री, त्याची सून, घरचीं माणसें, सारीं प्रमुख पात्रें काळ्या लोकांचीं होतीं. ‘एक्झॉर्सिस्ट’च्या मालकांनीं नक्कल केल्याचा दावा लावला आणि चित्रपट चित्रगृहांतून काढून घ्यावा लागला. पण आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. त्या सुनेला बाधणारें भूत कोणाचें? तें एशू या नांवानें येतें. आणि एशू हें आफ्रिकेंतील योरुबा लोकांच्या एका देवतेचें नांव आहे. म्हणजे पडद्यावरचे चेहरे बदलले, आणि भूत म्हणून मात्र त्यांच्याच पूर्वजांचा देव उभा राहिला!

वैविध्य व प्रतिनिधित्व यांचे जे कैवारी हल्लीं डोकीं मोजीत असतात, त्यांनीं या उदाहरणाचा विचार करावा. अमुक चित्रपटांत अमुक जातीचीं किती पात्रें, स्त्रिया किती, आदिवासी किती, अशी शिरगणती करून न्याय पदरीं पडत नाहीं. शिरगणतीचा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांना दारांत उभें केलें नाहीं त्यांना आधीं आंत घ्या, ही मागणी रास्तच आहे. पण आंत घेऊन त्यांना कोणत्या पाटावर बसविलें, हा प्रश्न त्यानंतर उरतोच. उद्यां एखाद्या निर्मात्यानें आमच्या भागांतील आंध जमातीचा एक भगत आपल्या चित्रपटांत घातला, त्याच्या अंगावर पिसें व कवड्या लटकावल्या आणि त्याच्याकडून चार अगम्य शब्द ओरडवून घेतले, तर शिरगणतींत एक आंकडा वाढेल. त्या जमातीच्या ज्या मुली आज आमच्या वर्गांत बसून शेक्सपिअर वाचतात, त्यांच्या पदरांत काय पडेल?

या बाबतींत आमच्या आज्यांचीं भुतें आजच्या चित्रपटांपेक्षां अधिक उदार होतीं, असें म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. ती यादी आठवून पाहा. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वीं मेलेला ब्राह्मणाचा मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राही. विद्येच्या किंवा धनाच्या लोभांत मेलेल्या ब्राह्मणाचा समंध होई. बाळंतपणांत गेलेली हडळ, सौभाग्य असतां गेलेली जखीण, पाण्यांत बुडालेल्याचा गिऱ्हा. खविसाचें नातें लोक मुसलमानाशीं लावीत. या यादींत जातिभेद आहे, स्त्रीविषयींची भीति तर पानोपानीं आहे. तिचें गुणगान आम्हांस करावयाचें नाहीं. परंतु तींत एक गोष्ट होती. मेलेल्या प्रत्येकाला नांव होतें, मरणाचें कारण होतें, राहण्यास झाड किंवा विहीर होती आणि मागण्यास कांहीं तरी होतें. ब्राह्मण भूत होत असे, शूद्र भूत होत असे, सवाशीण आणि बाळंतीणही होत असे. चित्रपटानें हें सारें गोळा करून त्याचें एकच बाहुलें केलें: पांढरें लुगडें, मोकळे केस, पांढरीं बुबुळें. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ २०२४ सालीं कोंकणांतल्या ब्राह्मण बटूचें भूत घेऊन आला आणि लोकांनीं तो उचलून धरला, याचें एक कारण आमच्या मतें हेंच कीं, पुष्कळ दिवसांनीं भुताला स्वतःची जन्मकथा मिळाली.

आतां प्रत्यक्ष झपाटण्याकडे वळूं. कारण चित्रपटाची खरी चोरी तेथें उघड होते. आमच्या एका विद्यार्थिनीचें पदवीच्या दुसऱ्या वर्षीं लग्न झालें. सासर आडगांवीं, शिक्षण सुटलें. कांहीं महिन्यांनीं तिच्या अंगांत येऊं लागल्याचें आमच्या कानीं आलें. घरच्यांनीं देवऋषी आणला. त्यानें मिरच्यांची धुरी दिली, केस धरून विचारलें, “कोण आहेस? काय पाहिजे?” तेव्हां तिच्या तोंडून त्याच घरांत पूर्वीं मेलेल्या एका सुनेचें नांव निघालें, आणि मागणी निघाली कीं, हिला परीक्षेला बसूं द्या. ही हकीकत आम्हांस तिच्या भावानें सांगितली. ती परीक्षेस आली. मनगटावर डागाच्या खुणा होत्या. खिडकीपाशीं बसून तिनें तीन तास उत्तरपत्रिका लिहिली आणि कोणाशींही न बोलतां ती निघून गेली. भुताची मागणी घरानें मान्य केली होती. सुनेची मान्य केली नसती. आम्ही त्या दिवशीं पर्यवेक्षक होतों. तिला चार शब्द विचारावे हें आम्हांस सुचलें नाहीं, याची खंत अजून आहे.

आय. एम. लुइस या मानववंशशास्त्रज्ञानें आपल्या १९७१ च्या ग्रंथांत नाना देशांतील उदाहरणें देऊन दाखविलें आहे कीं, अशा बाधा ज्यांना उघड तक्रार करण्याची सोय नाहीं त्यांना, विशेषतः स्त्रियांना व दबलेल्या लोकांना, अधिक होतात. आणि भुताच्या तोंडून त्यांना जें मागतां येतें तें स्वतःच्या तोंडानें मागतां येत नाहीं. आमच्या विद्यार्थिनीनें लुइसचें नांव ऐकलें नव्हतें. आतां हीच कथा आमचा निर्माता कशी सांगेल? तो शहरांतून सुटीसाठीं आलेली एक सुशिक्षित सून घालील. मेलेली सून छतावर पालीसारखी चालेल आणि तिची भाषा असेल आमच्या गांवाकडची. शेवटीं मंत्रपाठ होईल, भूत जळून जाईल, शहरी सून मोटारींत बसून परत जाईल आणि प्रेक्षक टाळ्या वाजवील. त्या मेलेल्या सुनेला काय पाहिजे होतें, हें कोणी विचारणार नाहीं. आमच्या देवऋष्यानें, कितीही क्रूरपणें कां होईना, तें विचारलें होतें. जिला बोलण्यास भुताखेरीज दुसरें तोंड उरलें नव्हतें, तिच्याकडून तेंही काढून घेऊन तें बंगल्यांतील लोकांच्या करमणुकीस लावावें, ही आमची तक्रार आहे.

विवेकवादी मित्र येथें आम्हांस अडवितील. ते म्हणतील कीं, भूत नाहींच. मग भुताला न्याय कसला मागतां? असले चित्रपट बंदच केले पाहिजेत. या मित्रांविषयीं आम्हांस आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि ज्यासाठीं ते वर्षानुवर्षें झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षीं महाराष्ट्रांत झाला. त्या कायद्याच्या अनुसूचींत पहिलेंच कलम भूत उतरविण्याच्या निमित्तानें दोरानें वा सांखळीनें बांधणें, छडीनें मारणें, मिरचीची धुरी देणें, चटके देणें या प्रकारांविषयीं आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. तो कायदा आमच्या विद्यार्थिनीच्या कामीं आला असता तर आम्हांस आनंदच झाला असता. पण केवळ ‘भूत नाहीं’ एवढें सांगून तिचें काम भागलें असतें काय? महाराष्ट्राचीं चार जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथें आहेत. त्यांपैकीं एकही मराठवाड्यांत नाहीं. तिला उपचार हवा होता, परीक्षा हवी होती, आणि तिचें म्हणणें ऐकणारें माणूस हवें होतें. भूत खोटें असलें तरी मागणी खरी होती. जो चित्रपट ती मागणी ऐकवील तो विवेकवाद्यांचा मित्र आहे. आणि जो डॉक्टरला हात टेंकावयास लावून मांत्रिकाला विजयी करतो तो शत्रु आहे. बंदीच्या सरसकट सोट्यानें दोघांचाही बळी जाईल.

असा मित्र मिळणें अशक्य नाहीं, याचीं उदाहरणें आमच्याच लोकांनीं घालून दिलीं आहेत. अरुणा राजे व विकास देसाई यांनीं १९८० सालीं ‘गहराई’ हा चित्रपट काढला. त्याच्या लेखनांत विजय तेंडुलकरांचा हात होता, आणि देव व दैव यांच्याविरुद्ध जन्मभर बोलणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंनीं त्यांत बापाचें काम केलें. वडिलार्जित जमीन हा मालक कारखान्यासाठीं विकतो. तिच्यावर राबणाऱ्या सेवकाचा जीव तुटतो. आणि पुढें मालकाच्या मुलीच्या तोंडून जें परकें बोलणें बाहेर पडतें तें बापाच्या जुन्या पापाचा, त्या सेवकाच्या बायकोशीं केलेल्या वर्तनाचा, उच्चार करतें. येथेंही बाधा बंगल्यांतच होते. परंतु बंगल्यानें काय केलें तेंही सांगितलें जातें, आणि मग प्रेक्षकाला भय वाटतें तें घरच्या धन्याचें.

दुसरें उदाहरण विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’चें. २०१७ सालीं तो मराठींत लागला आणि पुढें २०२१ सालीं ‘छोरी’ या नांवानें हिंदींत गेला. उंसाच्या फडांतील एकटें घर, एक गरोदर तरुणी, एक म्हातारी आणि विहीर एवढ्या सामग्रींत त्यानें मारलेल्या मुलींचें दुःख उभें केलें. आमच्याच मराठवाड्यांतील बीड जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेच्या वेळीं सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें केवळ ८०७ मुली होत्या. तेथल्या प्रेक्षकाला या चित्रपटांतील भुतें ओळखीचीं वाटलीं असतील. तरीही एक आक्षेप नोंदविणें आमचें कर्तव्य आहे. त्यांतील पाप खेडवळ बोली बोलतें आणि त्याची झळ लागते ती शहरांतून आलेल्या सुनेला; जुना सांचा येथेंही पुरता मोडलेला नाहीं. गर्भांतील मुलगी ओळखणारें सोनोग्राफीचें यंत्र उंसाच्या फडांत उगवत नाहीं. तें शहरांतल्या स्वच्छ दवाखान्यांत असतें आणि तें चालविणारे आमच्याच वर्गांतून शिकून गेलेले असतात. त्या दवाखान्यांत भूत शिरलेलें आम्हांस अजून पहावयाचें आहे.

निर्मात्यांची नेहमींची सबब पैशाची. ते म्हणतात, आम्हांस चार माणसें आणि एक घर एवढेंच परवडतें. त्यांत समाजाचें चित्र कसें मावणार? ही सबब आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा चित्रपट एका राहत्या घरांत सुमारें पंधरा हजार डॉलरांत निघाला आणि जगभर चालला. भयाला महाल लागत नाहीं. उलट ज्याच्यापाशीं चारच पात्रें आहेत, त्याची तीं चार कोणतीं हें ठरविण्याची जबाबदारी चौपट आहे. आणि स्वस्ताईचाच विचार असेल तर भाड्याच्या बंगल्यापेक्षां सेनगांवकडचें एखादें दोन खणांचें घर नक्कीच स्वस्त पडेल. त्या घरांतील माणसांना आपल्या बोलींत घाबरूं द्या. भूत उपरें असूं द्या, शुद्ध बोलणारें असूं द्या, हातांत कर्जाची वही असलेलें असूं द्या. कारण आमच्या शेतकऱ्याला रात्रीं दचकवून जागें करणारें भूत बहुतेक त्याच वेषांत येतें.

पिशाच्चाकडे पाहण्याची दुसरी दृष्टि आम्हांस परक्यांकडून उसनी आणावयाची नाहीं. पैठणच्या एकनाथांनीं भुतावर भारूड रचलें. आमच्या जिल्ह्यांत नरसी हें गांव आहे; तें नामदेवांचें जन्मस्थान मानतात. वाटेंत आक्राळविक्राळ भूत आडवें आलें असतां नामदेवांनीं त्यांतही आपला विठ्ठल ओळखला व त्याला सामोरे गेले, अशी आख्यायिका आहे. त्याच नामदेवांची औंढा नागनाथाची गोष्ट येथील लहान मूलही सांगेल. देवळासमोर कीर्तनास उभ्या राहिलेल्या या शिंप्याला पुजाऱ्यांनीं मागें जा म्हणून सांगितलें. ते मागें जाऊन कीर्तन करूं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें. नंदी देवळाच्या पाठीमागें आहे, तो लोक याची खूण म्हणून आजही दाखवितात.

देऊळ फिरलें कीं नाहीं, याचा वाद इतिहासकारांनीं घालावा. ज्या समाजानें ही गोष्ट सातशें वर्षें जपली, त्याला प्रतिनिधित्व म्हणजे काय हें नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. मागें उभ्या केलेल्याला हाताला धरून पुढें आणून बसविलें, असें ती गोष्ट म्हणत नाहीं. तो जेथें उभा होता तेथेंच राहिला, आणि तोंड फिरवावें लागलें तें देवळाला. आमच्या निर्मात्यांपाशीं दगडाचें देऊळ नाहीं. एक हलका, खांद्यावर मावणारा कॅमेरा आहे. तो फिरविण्यास चमत्कार लागत नाहीं. तो फिरेल तेव्हां आमच्या मागल्या बाकावरच्या मुलीला पडद्यावर आपली बोली भुताच्या तोंडींच ऐकावी लागणार नाहीं. तोंवर तिनें केलेली टीका आम्ही या पानावर छापून ठेवीत आहों.